गुरुवारची वजनं

फेन्नाला जाऊन अकरा दिवस झाले होते.
भाच्यानं केळ्यांचं एक खोकं दारात आणून ठेवलं:
"मामा, तूच सांभाळ. आमच्याकडे मांजर आहे."
खोक्याला पेन्सिलीनं पाडलेली आठ भोकं.
आत दोन गिनीपिग. मोठी हिलेगोंदा, तपकिरी, कपाळावर भोवरा;
धाकटी नुसतीच पे,
तिचं नाव पुरं करायला बहिणीला फुरसत मिळाली नसावी.
आणि निळ्या रबरात अडकवलेली एक चौकोनी वही.

आपिंगेडामच्या कालव्यावर
मी बेचाळीस वर्षं पूल उघडला आणि मिटला.
बोट यायची म्हणून थांबायचं, गेली की पुढचीसाठी थांबायचं.
थांबण्यात माझा हात कोणी धरणार नाही
अशी माझी समजूत होती.
या दोघींनी धरला.
तीन दिवस लाकडी घरात तोंड खुपसून बसल्या.
सकाळी गवत कमी झालेलं दिसे,
त्यावरून कळायचं की आहेत.

वही उघडली.
"पहिला आठवडा हात लावू नकोस.
उचलायचं तेव्हा खालून, दोन्ही तळव्यांत, पाठीमागच्या पायांना आधार देऊन.
वरून हात घालू नकोस. वरून येतो तो ससाणा.
एकीला कधी एकटी ठेवू नकोस."
नकोस, नकोस.
वही तर तिची तिच्यासाठीच, मग हे सांगत होती कुणाला?
वर तारीख जानेवारीची.
आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं ते मार्चमध्ये.

त्या दिवसापासून जमिनीवर बसतो.
गुडघ्यांनी हरकत घेतली, ती फेटाळली.
काय बोलावं सुचेना, म्हणून त्यांना
पेपरातली भरती-ओहोटीची कोष्टकं मोठ्यानं वाचून दाखवतो.
एम्सच्या मुखाशी पाणी किती, डेल्फझेलला किती.
पाचव्या संध्याकाळी एक नाक बाहेर आलं,
थरथरलं, आणि ओहोटी संपेपर्यंत तिथंच राहिलं.

रोज लाल ढोबळी मिरचीची एक फोड.
क जीवनसत्त्व त्यांच्या अंगात तयार होत नाही,
"तुझ्याही नाही," असं समासात लिहिलंय.
मग दुसरी फोड मी खातो.
आता फ्रिजचं दार नुसतं कुरकुरलं
की आतून शिट्ट्यांचा कल्लोळ उठतो;
या घरात इतक्या अगत्यानं मला
कोणी बोलावल्याला बरीच वर्षं झाली.

एकदा रात्री पे जागच्या जागी उडाली,
हवेतच वळली, पडली, पुन्हा उडाली.
मला वाटलं, झटका आला. भाच्याला झोपेतून उठवलं.
तो हसतच सुटला: "मामा, ती खुशीत आहे रे!"
मला काय ठाऊक.
आमच्या घराण्यात खुशीत आलेला माणूस
खुर्ची जराशी मागे सरकवतो, बास.

गुरुवार.
सुपाच्या वाडग्यात एकेकीला बसवून काट्यावर.
हिलेगोंदा: एक हजार सतरा.
मागच्या नोंदीपेक्षा साठ ग्रॅम कमी.
पे: सातशे सत्तर. ही वाढली, लबाड.
फेन्नाच्या साताच्या पोटात आडवी रेघ असायची,
माझा सात उघडा.
तिच्या शेवटच्या नोंदीखाली तीन गुरुवार कोरे आहेत.
त्या ओळी सोडल्या,
आणि चौथीवर लिहिलं.

साठ ग्रॅम म्हणजे किती?
एक अंडं. एक पत्र, पाकिटासकट, जरा जाडसं.
हिलेगोंदानं माझ्या बोटाला दात लावून पाहिले,
मिरची नाही म्हणून सोडून दिलं.
पण तळव्यावरून उतरली नाही.

बाहेर बोटीचा भोंगा झाला.
पुलावर आता कोणी बसत नाही,
दूर शहरातून कोणीतरी बटण दाबतं.
आम्ही तिघांनीही मान वर केली.
मग पे पुन्हा गवत खाऊ लागली.