तिसरा थांबा

शुक्रवारी पाचच्या आत कळवायचं होतं.
कागदावर दोन चौकोन: शाळेत, घरी.
मधे जेमतेम बोटभर जागा.
तिथे मी पेन्सिलीनं किती तरी वेळ
नुसते ठिपके देत बसले.

डॅरिल म्हणाला, तू म्हणशील तसं.
असं म्हणणारा माणूस नक्की कुठे उभा असतो
ते लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही.
मग तो कापणीला गेला,
आणि कंबाइनचे दिवे रात्रभर
सस्कॅचवानच्या सपाटीवर येरझाऱ्या घालत राहिले.

थंडी पडली की तारासच्या छातीत
जुन्या दाराची बिजागरी करकरते.
एक इनहेलर त्याच्या उशीखाली, एक माझ्या पर्समध्ये,
तिसरा बसच्या पुढच्या कप्प्यात,
टॉर्च आणि फ्यूजच्या शेजारी.
हो, बस माझीच. चौदा नंबरची, पिवळी.
सत्तेचाळीस किलोमीटर, सव्वीस मुलं,
आणि तिसरा थांबा आमचं घर.

मिरेय फोनवर म्हणाली,
तू स्वतःच चालवतेस, तुला तरी भरवसा असेल ना?
तिला काय सांगू.
मी ब्रेकवर भरवसा ठेवते, टायरवर ठेवते,
बर्फाखाली खडी असेल यावरही ठेवते,
पण सव्वीस मुलांच्या श्वासाला
स्टिअरिंग कुठून लावू?

आणि तारास.
आठ वर्षांचा. आठवड्याभरात बोलला तर कुत्र्याशी.
वेंडेल गावाच्या पलीकडच्या टोकाला,
मार्चपासून भेट नाही.
परवा जेवताना म्हणाला,
वेंडेलचा आवाज कसा होता
ते मला आता नीट आठवत नाही.
मी त्याला आणखी बटाटे वाढले.
दुसरं काय वाढणार.

पाचला चार मिनिटं असताना
मी 'घरी'चा चौकोन काळा केला.
पेन्सिल इतकी दाबली
की खालच्या विजेच्या बिलावरही तो उमटला.

सप्टेंबर. पहिला दिवस.
पहिल्या थांब्यावर दोघी बहिणी, मास्क नाकाखाली.
दुसऱ्यावर कुणी नाही.
तिसऱ्यावर पाय आपोआप ब्रेकवर गेला.
लाल दिवे लागले, दार उघडलं,
थांबा असं लिहिलेला हात बसच्या कुशीतून बाहेर आला,
आणि समोरचा धान्याचा ट्रक
नियमाप्रमाणे मुकाट उभा राहिला
न चढणाऱ्या मुलासाठी.
खिडकीत तारास, पायजम्यात.
त्यानं हात हलवला नाही.
तो बसमधली डोकी मोजत होता.
तीनच तर होती, माझं धरून.

घरी राहिलेल्यांचं इंटरनेट वाऱ्याच्या मर्जीवर.
बाईंचा चेहरा पडद्यावर गोठायचा,
अर्ध्या शब्दात, तोंड उघडंच.
ऑक्टोबरात शाळेनं बसला राउटर दिला.
आरशाच्या वर तो मीच बसवला,
स्क्रूड्रायव्हरही माझाच.
आता मुलं सोडून झाली की घरी येते, तारासला घेते,
आणि धान्याच्या कोठाराजवळ बस लावते.
एकेक पिकअप येऊन भोवती उभी राहते,
काचा वर, हीटर चालू,
प्रत्येकीत एक मूल, मांडीवर भागाकार.
ज्यांनी तो चौकोन भरला ते,
आणि ज्यांनी हा भरून मग बदलला ते.
कोणता बरोबर,
ते अजून कुणी तपासून दिलेलं नाही.

तारास त्याच्या नेहमीच्या जागी, डावीकडे चौथा.
आज शेजारी येऊन उभी राहिलेली निळी गाडी
वेंडेलच्या आजोबांची.
दोन काचा आणि मधे हातभर हवा, उणे अकरा.
तारासनं काचेवर हाऽऽ केलं.
तोच श्वास, ज्यासाठी मी तीन इनहेलर बाळगते,
काचेवर पांढरा पसरला,
आणि त्यावर बोटानं त्यानं आकडे काढले, उलटे,
पलीकडून सुलटे दिसावेत म्हणून:
सात गुणिले आठ, चोपन्न.

मी आरशातून पाहिलं.
चुकलंय.
काही बोलले नाही.
पलीकडच्या काचेवरही
कुणीतरी हाऽऽ करत होतं.