थकबाकी

बोपोडीत, पिठाच्या गिरणीमागे एक खोली होती.
एक ते चार गिरणी बंद, तेवढा वेळ आमचा.
अँप्लिफायरवर ज्वारीचं पीठ बसलेलं असायचं,
ऑल्विन साळवेनं गिटारवर पहिला तडाखा दिला
की पांढरा ढग उठायचा,
आणि त्या ढगात उभी राहून सुकेशनी ओरडायची.
गायची नाही. मी ड्रमवर होतो, मला विचारा.

जरा सुरात घे की, म्हणालो एकदा.
"इद्र्या, सुरात यायला
आधी पगार व्हावा लागतो."

तिची आई गणेशखिंडीचा रस्ता झाडायची, ठेक्यावर.
तीन महिने दमडी नव्हती.
बँडचं नाव शोधायला
फार लांब जावं लागलं नाही.

पहिलं गाणं म्हणजे हजेरीची वही:
रखमा ओव्हाळ, नव्वद दिवस.
शांता चाबुकस्वार, एकशेचार.
तीन कॉर्ड, दोन मिनिटं,
शेवटी ठेकेदाराचा मोबाईल नंबर.

वॉर्ड ऑफिसच्या फाटकाशी, टेम्पोच्या हौद्यात
ते पहिल्यांदा वाजवलं.
समोर चाळीस बायका, चाळीस खराटे, दोन पोलीस.
कुणी उड्या मारल्या नाहीत.
रखमामावशी कानावर हात ठेवून म्हणाल्या,
"आमची नावं तेवढी कळू दे गं,
बाकी काय बोंबलायचं ते बोंबल."
तेव्हापासून नावं ती सावकाश घ्यायची
आणि नावापुरता मी हात थांबवायचो.
एवढंच काय ते आमचं संगीत.

मग कोरेगाव पार्कात बोलावलं.
तिकीट सातशे, फाटक्या जीन्स चार हजारांच्या.
ती आईचं केशरी जाकीट घालून आली,
माइकवरून दारावरच्या बाउन्सरला विचारलं,
तुला किती देतात रे?
त्यानं आकडा सांगितला.
पुन्हा बोलावणं आलं नाही. त्यालाही.

चौकीतही बसलो एका रात्री, आवाजाची तक्रार होती.
बाहेर मिरवणुकीच्या भिंती वाजत होत्या,
हवालदाराच्या चहावर लाटा उठत होत्या.
"त्यांच्याकडं परवानगी आहे," तो ओरडून म्हणाला.
ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं.

घसा गेला तो एकतिसाव्या वर्षी.
ससूनच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं,
स्वरतंतूंवर गाठी आहेत, सहा आठवडे मौन.
सहा आठवडे ती पाटीवर लिहून भांडली.
आवाज परत आला तो खवणीवर ओढलेला.

ऑल्विन दोह्याला, हॉटेलात संध्याकाळी वाजवतो.
बेसवाला तुषार भिंताडे फ्लेक्सवर गेला:
आधी कोपऱ्यात, मग रांगेत,
मग एकटाच, हात जोडून.
आणि मी, तांबोळी साउंड अँड डेकोरेटर्स.
त्या भिंती आता मीच भाड्यानं देतो.

गेल्या निवडणुकीत हॅरिस पुलाच्या तोंडाशी
तुषारची प्रचाररिक्षा उभी होती, बॅटरी उतरली म्हणून.
गाणं आमचंच. रखमाच्या जागी तुषारभाऊ,
शांताच्या जागी विकास.
भोंगे माझे, दिवसाला अठराशे.

बॅटरी जोडून मान वर केली
तर ड्रायव्हरशेजारी सुकेशनी बसलेली.
डोळ्यांना चष्मा, मांडीवर पिशवी, हातात माइक.
गायली नाही.
घडीचा कागद उलगडला आणि वाचायला लागली:
पूनम जगधने, बहात्तर दिवस.
सविता लोंढे, शहाऐंशी.
खरखरीत, सावकाश.
पुलावरचे स्कूटरवाले पाय टेकून थांबले.
खाली ठेकेदाराचं नाव होतं,
तेही वाचलं: भिंताडे एंटरप्रायझेस.

वायर माझ्याच हातात होती.
ओढली असती तर गप्प झालं असतं सगळं.
दुसऱ्या हाताची बोटं मात्र
रिक्षाच्या पत्र्यावर वाजत होती,
नाव आलं की थांबत होती.

त्या दिवसाचं भाडं तुषारनं दिलेलं नाही.
लिहून ठेवलंय:
इद्रिस तांबोळी, एक दिवस.