खुर्ची ओढल्याचा आवाज

सोसायटीच्या दफ्तरात डिझेलचं रजिस्टर मी लिहितो,
बावीस वर्षं. कुणाच्या बोटीला किती लिटर,
कुणाची थकबाकी किती, हे मला
त्यांच्या बायकांच्या आधी कळतं.
म्हणून यंदा अध्यक्ष कुणाला करावं, हे विचारायला
ट्रॉम्बे कोळीवाड्यातली माणसं माझ्याकडे येतात.
मी सांगतो, हिशेबाने बघाल तर प्रभाकर केणी.

प्रभाकरने बर्फाच्या कारखान्याचा नकाशा आणला होता,
बँकेचं पत्र, व्याजाचा तक्ता,
तिन्ही कागद लॅमिनेट केलेले,
कारण आपल्याकडे कागद ओला होतो हे त्याला ठाऊक.
समाजमंदिरात तो पाऊण तास बोलला.
एक आकडा चुकला नाही.
मागे बसलेल्या बाया कोलीम निवडावा तसे
त्याचे शब्द निवडत होत्या,
आणि टोपलीत काही पडत नव्हतं.

मग दामाजी वैती उठला.
त्याच्या नावावर माझ्याकडे एक लाख चाळीस हजार आहेत,
लाल शाईत.
म्हणाला, "मी काय बोलू, तुम्हाला म्हाईत हाय."
आणि बसला.
टाळ्यांनी पत्र्यावरचे कावळे उडाले.

म्हाईत होतंच.
अकरा वर्षांपूर्वी, खाडीतल्या पाइपलाइनपायी,
बंदर खात्याच्या कचेरीत आम्ही तेवीस जण
सकाळी दहापासून जिन्यात उभे.
साहेब जेवले. साहेबांचा चहा झाला.
शिपाई सारखा सांगत होता, जरा लांब उभे राहा,
कपड्यांना वास येतो.
अडीच वाजता दामाजी दार ढकलून आत गेला
आणि कुणी बस म्हणायच्या आत
खुर्ची ओढली,
फरशीवरून,
कर्रर्र,
आणि बसला.

एवढीच त्याची कारकीर्द.

पण तो आवाज मी नंतर ऐकतच राहिलो,
बारशात, म्हावऱ्याच्या लिलावात, मयताच्या मागे चालताना.
दर सांगण्यात खुर्ची जड होत गेली,
लाकडाची लोखंडी झाली, साहेब दचकून उभा राहिला,
एकदा तर रडला.
जे जिन्यात नव्हते तेही जिन्यात येऊन उभे राहिले.
तेव्हा पहिलीत असलेला पोरगा मला सांगतो,
काका, तुम्ही असायला पाहिजे होता.

मी होतो.
फाईल घेऊन त्याच्या मागोमाग आत गेलो होतो.
साहेबाने पाणी मागवलं,
दामाजीपुढे एक कागद सरकवला,
आणि दामाजीने न वाचता सही केली.
खाडीचा तो पट्टा त्या सहीने गेला.
इतिवृत्तात आहे, पान एकसष्ट, अक्षर माझं.

निवडणुकीला दामाजीने खुर्ची हे चिन्ह मागितलं.
यादीत नव्हतं. किटली मिळाली.
बाया किटलीचं चित्र दाखवून एकमेकींना सांगत,
ही खुर्ची, हिच्यावर शिक्का.

शेवटच्या रात्री मी पान एकसष्ट उघडून बसलो.
प्रभाकर समोर होता. म्हणाला, उद्या वाचून दाखव ना.
मी म्हटलं, दाखवेन. नीट ऐकूनही घेतील.
मग विचारतील, पण खुर्ची ओढली होती ना?
प्रभाकर बराच वेळ चष्मा पुसत राहिला.
मग हळूच म्हणाला,
नक्की कशी ओढली होती रे?

माझी आई चेंबूर स्टेशनबाहेर बोंबील विकायची.
परवान्यासाठी वॉर्ड ऑफिसात तीन पावसाळे गेली.
टोपली बाहेर ठेवायची,
पदराने हात पुसून आत जायची.
समोर दोन खुर्च्या असत, रिकाम्या.
तिला कुणी बस म्हटलं नाही,
आणि ते तिने आम्हाला
मरेपर्यंत सांगितलं नाही. बापाने सांगितलं.

पडद्यामागे शिडी आणि किटली.
मतदान गुप्त असतं, म्हणून सांगत नाही.

सोमवारी दामाजी दफ्तरात आला, गळ्यात कालचा हार.
साठ लिटर, उधार.
मी लिहून घेतलं.
लाल शाई संपत आली होती.