न जोडलेली दांडी

शेट्येबाईंची फियाट, चौसष्ट सालची,
टपावर फणसाचा चीक, वाळून काळा.
बाईंचा डावा गुडघा गेला तेव्हा म्हणाल्या,
"सोलकर, क्लच काढ. विकायचं बोलू नकोस."

गिअरबॉक्स मिळाला हातखंब्याच्या भंगारात,
पुढून चेपलेल्या कुठल्याशा जाड्या गाडीचा,
आतलं तेल अजून लालच होतं.
मधली प्लेट मिरकरवाड्यात कातून आणली,
ट्रॉलरचे पंखे सरळ करतात तिथं.
लतीफ हसला, "होडीत घालतोस काय रे?"
मधला उंचवटा कापला. शाफ्ट चार बोटं आखूड.
तीनदा चढवला, दोनदा उतरवला,
एक आख्खा दिवस रिव्हर्सच सापडेना.

भाट्याच्या पुलावर गाडी
न विचारता गिअर बदलत गेली.
बाई गप्प. मीही.
गोळपच्या चढाला त्यांचा डावा पाय
रिकाम्या जागी दाबला गेला,
हात स्टिअरिंगमागच्या दांडीकडे.
ती मी ठेवलेली,
कशालाच न जोडता.

"सेकंड," त्या पुटपुटल्या.
गाडी केव्हाच सेकंडला.

परतताना दांडीला बांगड्यांची पिशवी लोंबत होती.
"बरी आहे," म्हणाल्या.
गाडी की दांडी,
ते मी विचारलं नाही.