जडवस्तू नोंदवही

माहुलगावच्या पालिका शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे. सव्वीस वर्षं.
नोंदवहीत लाटांचं सामान असं :
स्लिंकी, एक. गुंता झालेली.
नादकाटे, चार. पैकी तीन हरवले.
हरवले असंच लिहायचं, कुणी नेले ते लिहायचं नसतं.
तरंगपात्र, एक. फुटके. निर्लेखनास पात्र.

इंगवले बाई दिवाळीनंतर आल्या.
त्यांनी नेमकं 'फुटके'वर बोट ठेवलं
आणि विचारलं, काका,
सूचनाफलकाची जुनी काच कुठे टाकलीत?

मग दोन दिवस एम-सील.
काचेला, बोटांना, माझ्या घड्याळाच्या पट्ट्याला.
लॅमिंग्टन रोडवरून आणलेली बारा रुपयांची मोटर,
तिला रबराने बांधलेली फूटपट्टी,
वर मोबाइलचा टॉर्च, खाली फरशीवर पांढरा कागद.
एक कोपरा गळत होता तो गळतच राहिला.
तिथे मी डबा ठेवला.

मोटर घुरघुरली
आणि कागदावर सावल्यांच्या रेघा चालू लागल्या,
दुरेघी वहीतून उठून निघाल्यासारख्या.
मागची पोरं बाकांवर चढली.
मी ओरडायला तोंड उघडलं, आणि मीही
स्टुलावर चढलो.

थर्माकोलचा लाल मणी पाण्यात सोडला.
सगळ्यांनी पैज लावली, पलीकडे जाईल.
तो वर. खाली. वर. खाली.
जागचा हलेना.
बाई म्हणाल्या, बघा, पाणी जात नाही, लाट जाते.
तेवढ्यात कुणीतरी :
मग बाई, भरतीला एवढा कचरा कसा येतो किनाऱ्यावर?
बाई थांबल्या. फळ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.
म्हणाल्या, उद्या सांगते.
सव्वीस वर्षांत
'उद्या सांगते' मी दुसऱ्यांदा ऐकलं.

मग कपड्यांच्या साबणाच्या दोन वड्या,
मध्ये बोटभर फट.
सरळ आलेली रेघ फटीतून पलीकडे गेली
ती वाकून, पंख्यासारखी उघडून.
पुस्तकात याला विवर्तन म्हणतात, बाई सांगत होत्या,
आणि चैत्राली नाखवा, जी तीन महिने बोलली नव्हती,
म्हणाली, तरीच!
तरीच आमची होडी जेटीच्या आड बांधली
तरी रात्रभर खडखडते.
बाबा म्हणतो दोर सैल बांधला. मला ओरडतो.
दोर नव्हता सैल, बाई.

तिने वहीत फट काढली, पंखा काढला,
पंख्यात एक छोटी होडी काढली.
घरी दाखवणार होती.

अक्षर सोनावणे शेवटच्या बाकावर.
त्याचं कानातलं यंत्र दप्तरात, डबीत असतं,
कारण ते शिट्टी मारतं आणि पोरं हसतात.
बाईंनी उरलेला नादकाटा रबरी चपलेवर आपटला,
सगळ्यांनी कान पुढे केले. त्याने नाही.
बाई त्याच्याजवळ गेल्या.
काट्याचा दांडा हलकेच त्याच्या कानामागच्या हाडावर टेकवला.

त्याचा चेहरा मी सांगू शकत नाही.
त्याने काटा बाईंच्या हातून घेतला,
चपलेवर आपटला, परत टेकवला.
मग कपाळाला. मग कोपराला. मग दातांना,
आणि दातांतून तो एवढ्यांदा हसला
की शेजारच्या वर्गातून शिंदेसर बघायला आले.
काय चाललंय?
ध्वनी, बाई म्हणाल्या.

शाळा सुटली. डब्यातलं पाणी मी ओतलं,
साबणाच्या वड्या मोरीत ठेवल्या, मऊ झाल्या होत्या.
काच पुसताना दिवा लावायचा राहिला.
मलाही आताशा घंटा नीट ऐकू येत नाही,
मी वेळेवर देतो ती घड्याळ बघून.
हे कुणाला ठाऊक नाही.
दार लोटून घेतलं.
चप्पल काढली.

मग नोंदवही उघडली.
तरंगपात्र : 'निर्लेखनास पात्र' खोडलं, बाजूला सही.
नादकाटा, एक.
शेरा : दांड्यावर दातांच्या खुणा.
वापरात.