नाव विचारायचं राहिलं

हाळीच्या बाजारात मी सगळं विचारलं होतं.
दात किती, वेत कितवं, लाथ मारती का,
चारी सडं चालू हायत का.
दलालाच्या रुमालाखाली बोटं दाबून
भावसुद्धा विचारला, दोनदा.
नाव विचारायचं राहिलं.

चौथ्या दिवशी ती दावं तोडून गेली.
तोडून कसली, खुंटाच उपटून.
खुंटा, दावं आणि माझी इभ्रत
तिन्ही फरफटत नेत
मन्याडीच्या काठाला येड्या बाभळीत शिरली.

येडी बाभळ म्हणजे रान नव्हे.
रानाला वाट असते.
हिचं बी कोणी टाकलं कोणाला ठाऊक नाही,
म्हातारे म्हणतात विमानातून पडलं,
आता तिथं शेळीसुद्धा विचार करून तोंड घालते.

पंक्चरवाला मैनोद्दीन आला.
"या काट्यावर माझी दोन पोरं शिकली," म्हणाला,
"आज थोडं फेडून येतो,"
आणि वाकून आत गेला.
अर्ध्या तासानं निघाला तेव्हा
सदऱ्याची एक बाही आतच राहिली होती.

सरकी दाखवली. गूळ दाखवला.
व्यंकटनं त्याचं वासरू आणलं हंबरायला,
त्याला हंबरायचंच नव्हतं.
पोरांनी डबे बडवले, ती आणखी आत.
दिसायचं ते एवढंच:
फांद्यांच्या जाळीत लाल कातडीचा एक तुकडा,
आणि भलतीकडेच कुठेतरी,
तिचा वाटणारही नाही असा
एक डोळा.

दोन दिवस मी ये ये म्हणत होतो,
चिडून हाड म्हणत होतो, मग पुन्हा ये.
तिला दोन्ही सारखंच ऐकू जात असणार.

तिसऱ्या दिवशी दलालानं नंबर दिला,
अहमदपूरकडच्या कोण्या धुरपतबाईचा.

"हरणी हाय ती," फोनवरची बाई म्हणाली.
"तुमाला सांगितलं न्हाई व्हय कुनी?"
मग काहीच नाही.
मला वाटलं रेंज गेली.
"मी न्हवते घरी, पोरानं इकली त्या दिशी.
न्या मला तिच्याजवळ."

काठावर रेंजची एकच जागा,
पडक्या मोटारघराची भिंत.
तिच्यावर चढलो, स्पीकर लावला,
लग्नात फोटो काढतात तसा हात उंच धरला.

"हरने... ए हरने... हौ, हौ...
कुटं गेलीस माय,
पानी पेलीस का?"

हाक मधेच तुटत होती.
एक शब्द नदीत पडायचा, एक बाभळीवर,
एक यायचाच नाही.

काटे कडकडले.
आधी खुंटा ओढल्याचा आवाज आला, मग ती.
नाकावर वाळल्या रक्ताची रेघ,
कानाला लोंबणारी डहाळी,
शेपटीच्या गोंड्यात मैनोद्दीनची बाही.
सरळ माझ्याकडे चालत आली.
माझ्याकडे नव्हे.
मी खाली उतरलो, हात खाली आणला,
आणि तिनं जीभ काढून
फोन चाटायला सुरुवात केली.

मैनोद्दीननं मागून दावं धरलं.
इतकं सोपं होतं.
इतकं सोपं नको होतं.

"आली का वो?" फोन विचारत होता.
मैनोद्दीन माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे.
"चाटलाली व्हय? खसखस आवाज येलालाय."
आली, म्हणालो.
"बरं. ठिवते मग."
ठेवला नाही.
मीही नाही.
गाय चाटत राहिली, तोवर चालू होता.

आता ती दूध देते, वैरण खाते.
हरणी म्हटलं की मान वळवते,
कोण आहे ते बघते आणि परत घालते गव्हाणीत.
फोन वाजला की मात्र उभी राहते.
बँकेचा असो, व्यंकटचा असो, चुकून लागलेला असो,
कान पुढे करून, रवंथ थांबवून.

मी बाहेर जाऊन घेतो.