कोरडं निघालं तर

देवळीत, देवांच्या शेजारी,
सतरा बाटल्या होत्या, औषधाच्या, धुऊन वाळवलेल्या.
आत दगडाचा भुगा.
राखाडी बारमेरचा, विटकरी कोरापुटचा,
एक काळाशार, आपल्याच रानातला,
आणि एका पिवळटावर दादांच्या अक्षरात
एवढंच : इथिओपिया, साडेपाचशे फूट, गोड.

माझे वडील, उत्रेश्वर, औशाचे.
बोअरच्या गाडीवर सव्वीस वर्षं.
पाऊसकाळात तेवढे घरी यायचे,
ओल्या रानात गाडी रुतते म्हणून.
मशीनच्या आवाजानं कान निम्मे गेलेले,
त्यामुळं आम्ही भावंडं अजून मोठ्यानं बोलतो.
लोकांना वाटतं, भांडलालेत.

शिकवलं असं काही नाही त्यांनी.
जेवताना सांगायचे, तेही अर्धवट.
पाण्याला कुठं काय म्हणतात :
तन्नी, नीळ्ळु, जोल, वुहा.
आम्ही घास हातात धरून मागनं म्हणायचो.
"नव्या गावात शिवीच्या आधी हा शब्द शिकायचा,
मग शिवी लागतच नाही."

बारमेरकडं एका म्हातारीनं
सात जणांत मिळून एक लोटा दिला होता.
तिच्या शेतात चारशे फुटांपर्यंत नुसती धूळ.
मालक म्हणाला, अजून शंभर मारा, फुटावर पैसे आहेत.
दादांनी मशीन बंद केलं.
"कोरडं निघालं तर कोरडं म्हणायचं."
"मग पुढं काय झालं?" नागनाथ विचारायचा.
"काय व्हायचंय. पगार कापला. भाकर वाढ."

आमच्या आळीत आधी आडनाव विचारायचे,
मग तांब्या.
पाटे टाकवायला एक बाई आली भर उन्हात,
आत्या वरनं ओंजळीत धार धरायला लागली.
दादा उठले. आपला पेला भरून तिच्या हातात दिला.
ती प्याली, तसाच परत भरून स्वतः प्याले.
आत्या दोन दिवस जेवली नाही आमच्याकडं.
दादांना ऐकू आलं नसावं.

आई मात्र ऐकवायची :
"मुलखाचं पाणी काढता,
आपला रांजण कोण भरतं बघितलंय कधी?"
तिघांच्या बाळंतपणात एकदाही ते नव्हते.
हे त्यांनी कुठल्या बाटलीत भरलं नाही.

नागनाथ चिडून म्हणायचा,
एवढं जग हिंडून आणलं काय, तर दगड.
आता लातूरला त्याचं गॅरेज आहे.
"काही झालेलं नाही गाडीला, घेऊन जा,"
असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवतो,
आणि दिवसभर स्वतःवरच चरफडतो.

मी पाणी तपासते, सरकारी प्रयोगशाळेत.
काल एक जण समोर बसला होता,
पेढ्यांचा पुडा, टँकरचं कंत्राट.
मी लिहिलं : पिण्यास अयोग्य.
तो पुढं वाकला, अगदी हळू म्हणाला,
"मॅडम, जास्त काही नाही,
तेवढा पहिला अ राहू द्या."

त्याचा आवाज इतका बारीक होता
की दादांना ऐकूच आला नसता.
मी उत्तर दिलं,
आमच्या घरच्या सवयीनं.
सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.